‘येऊ नका’ म्हणा, मग जाते

आमच्या सुपरवायझरचा आवाज असा, की त्याने उल्हासनगरच्या कारखान्यात ‘ए!’ म्हटलं की बदलापूरला बेलवलीत माझ्या मांडणीवरची ताटं वाजायची. मधल्या अंबरनाथात म्हशी त्या दिवशी दूधच द्यायच्या नाहीत. खोटं वाटत असेल तर म्हशींना विचारा.

कारखाना जीन्सचा. मशीनवर सगळ्या बायका, आणि जी ज्या मशीनवर बसली तेच तिचं नाव. मी ओव्हरलॉक. मागची बारटॅक. शेजारची काज-बटन. बारशाला घुगऱ्या वाटून ठेवलेली नावं आम्ही दारात चपलांबरोबर काढून यायचो. बारटॅक बाळंतपणाला गेली, तिच्या जागी दुसरी आली, तीही बारटॅक झाली. सुपरवायझरला कित्येक महिने वाटत होतं की बाई तीच आहे, जरा वाळलीय.

मान नव्हता असं मात्र कुणी म्हणू नये. महिला दिनाला शेठने गुलाब मागवले आणि सुपरवायझरने जातीने वाटले. ‘ए ओव्हरलॉक, घे. ए बारटॅक, पकड. चल, पुढे सरक.’ त्याचा व्हिडिओही काढला. आवाज बंद करून वर गाणं चढवलं, तेव्हा कुठे तो बघण्यासारखा झाला.

काज-बटन अंबरनाथ पश्चिमेची, वयाने सुपरवायझरच्या आईएवढी. तिची नवी सून नुकतीच आमच्याकडे धागे कापायला लागली होती. घरी सासूला ‘अहो आई’ म्हणणारी पोर. तिच्यासमोरच सुपरवायझर गरजला, ‘ए काज-बटन! ये इकडे! डोळे फुटले का तुझे?’

सुनेची कात्री थांबली. सासूने मशीन बंद केलं.

‘ये नाही. या म्हणा.’

‘काय?’

‘मी तुम्हाला तुम्ही म्हणते, तुम्हीपण मला तुम्ही म्हणा. काज-बटन हे मशीन आहे. मी ताई आहे.’

सुपरवायझर असा हसला की छताचे पंखे उलटे फिरायला लागले. ‘इथे डिलिव्हरीची बोंब, आणि हिला काना पाहिजे! प्रत्येकीला या, बसा, करा म्हणत बसलो तर माल दिवाळीनंतर निघेल. उद्यापासून येऊ नकोस तू!’

आता हसण्यासारखं काही उरलं नव्हतं. तिचा नवरा अंथरुणाला खिळलेला, मुलाचं काम आज आहे तर उद्या नाही. घर त्या मशीनवर चालत होतं. आम्हाला वाटलं, ही आता पाय धरणार.

‘“येऊ नका” म्हणा,’ ती म्हणाली, ‘मग जाते. शप्पथ.’

‘येऊ नकोस!’

‘नका.’

‘नकोस!’

‘नका.’

शिफ्ट संपली, पण त्याच्या तोंडून ‘नका’ काही निघालं नाही. दुसऱ्या दिवशी बाई जागेवर हजर.

‘तुला काढलंय ना?’

‘मला कुणी काढलं? काज-बटनला काढलं असेल. ते बघा, इथेच आहे.’ आणि तिने मशीनवरून प्रेमाने फडकं फिरवलं.

भांडण शेठकडे गेलं. शेठ सिंधी, बोलायला इतका गोड की त्याच्याशी बोलून आलेल्या माणसाला मुंग्या लागायच्या. ‘ये और या?’ त्याने डोकं खाजवलं. ‘इसमें फरक क्या है, साईं?’

‘फरक नाही तर या म्हणायला काय जातंय, शेठ?’ मी मधेच तोंड घातलं.

‘अरे, अपन सब फॅमिली है!’

सुपरवायझरने ते बरोबर पकडलं. ‘फॅमिली आहे म्हणूनच तू म्हणतो, शेठ. घरात आईलापण आपण तूच म्हणतो!’

‘आईला “डोळे फुटले का तुझे” म्हणता?’ ताईने विचारलं.

शेठने निकाल दिला, ‘सबको मॅडम बोलो. खतम.’ त्या दिवसापासून आमची इज्जत अशी वाढली की विचारू नका. ‘ए मॅडम, बहिरी झालीस का मॅडम? ऊठ चल, मॅडम!’ शेठ केबिनमधून ऐकून खूश.

‘डोक्यावर टोपी घातलीत,’ ताई म्हणाली, ‘अंगावर कपडे कुठायत?’ आणि मॅडम म्हटल्यावर ती ढिम्म हलेना.

मग सुपरवायझरने नवीनच वाट काढली. ‘इकडे यायचं. हे बघायचं जरा.’ ना ये, ना या. मान द्यायची इच्छा नाही आणि अपमान करायची हिंमत नाही, अशा वेळी मराठी माणूस असल्या ‘यायचं-बसायचं’च्या बोळातून सटकतो.

‘कुणी यायचं?’ ताईने जागेवरूनच विचारलं.

तो लालबुंद झाला. शेठ बाहेर आला. ‘ये रोज का नाटक नहीं चलेगा. आज फैसला कर. रखना है या निकालना है?’

ताई उठून उभी राहिली. ‘काढायचं तर काढा. पण नीट बोलून.’ मागे सून उभी राहिली. मी ओव्हरलॉक बंद केलं, मग बारटॅक थांबलं, आणि बघता बघता सगळा हॉल गप्प झाला. इतकी शांतता उल्हासनगरला झेपत नाही. रस्त्यावरचे रिक्षावाले आत डोकावून गेले म्हणे.

‘ताई,’ सुपरवायझर म्हणाला. शब्द घशातून बाहेर येताना शर्टाची दोन बटणं तुटली. ‘तुम्ही उद्यापासून...’

तेव्हा मला दिसलं, ताईने मशीनखालची पिशवी पायाने जवळ ओढून ठेवली होती. शप्पथ तिनेच घेतली होती. पुढचे दोन शब्द ‘येऊ नका’ निघाले असते तर ती पिशवी उचलून खरंच गेली असती. मी मनातल्या मनात अंबरनाथच्या शंकराला अभिषेक बोलून टाकला.

त्याने शेठकडे बघितलं. सुनेकडे बघितलं. मग आम्हा सगळ्यांकडे.

‘...वेळेवर या.’

‘वेळेवरच येते मी.’ ताईने हात पुढे केला. ‘काय चुकलंय ते दाखवा.’

त्याने पँट दिली. तिने ती उजेडात धरली. ‘हो, बटण तिरकं आहे. माझीच चूक. काढून परत लावते.’ आणि खाली बसून कामाला लागली.

सुपरवायझरने घाम पुसला आणि माझ्याकडे वळला. ‘ए ओव्हरलॉक, तू काय दात काढतेस?’

मी दात आत घेतले, ओढणी सारखी केली आणि उभी राहिले.