शेवटच्या शॉवरचं पाणी

इंदिरानगरच्या आमच्या घरात तीन मुली भाड्याने राहतात. बाथरूम तीन आणि गच्चीवर सोलर एकच. खालच्या दोघींनी शॉवर सोडले की वरच्या मुलीला गार पाणी यायचं. ती कधी बोलली नाही.

आमच्याकडे नेहमी येणारा प्लंबर नामपूरकडचा. बोलणं मोजकं, आणि कुठल्याही पाइपला आधी तळहात लावून बघायची सवय. गळका नळ बदलायला आला, तेव्हा वरच्या बाथरूममधली रॉड लावलेली बादली त्यालाच दिसली.

मी म्हणाले, "चालतंय तिचं. भाडेकरूच तर आहे."

"ताई, भाडेकरूले थंडी वाजस नई का?"

मी म्हटलं, "कर मग, काय करायचं ते."

दिवसभर खपून त्याने टाकीपासून तिन्ही बाथरूमना वेगवेगळी लाइन टाकली. दुसऱ्या दिवशी सकाळी न बोलावताच आला. तिन्ही शॉवर एकदम सोडायला लावून स्वतः वरच्या शॉवरखाली हात धरून उभा राहिला. वाफ दिसताच त्याने त्या मुलीला बोलावलं. "बघा बरं."

तिने हात पुढे केला आणि हसली. मग माझ्याकडे वळून म्हणाली, "काकू, माझ्या खिडकीची कडीपण लागत नाही हो."

प्लंबरने लगेच पिशवीत हात घातला.