खाली नंबर सुदाम पेंटरचा

मसोलीच्या सुदाम पेंटरला सापाची भीती वाटते. थोडीथोडकी नाही. अंगणात पाण्याचा पाइप वाकडा पडलेला असला तरी हा पठ्ठ्या लांबून वळसा घालून जातो. आणि २०१६ साली सायवनच्या रस्त्यावर सापांविषयीचा बोर्ड रंगवायचं काम आलं ते नेमकं यालाच. घ्या आता!

मजकूर वनखात्याच्या साहेबांनी दिला होता : 'साप दिसल्यास मारू नका. आम्हाला कळवा.' फोन नंबर मागाहून सांगतो म्हणाले. सुदामने तेवढी जागा मोकळी सोडली आणि प्रत्येक बोर्डावर टाकतो तसा खाली कोपऱ्यात आपलं नाव, गाव आणि मोबाइल नंबर टाकला. साहेबांची बदली झाली. बोर्ड तसाच उभा राहिला, आणि त्यावर नंबर एकच.

पहिला फोन सायवनच्या बुधी आजीचा.

"भाऊ, चुलीमागं साप आहे. तुम्ही लिहिलंय म्हणून मारू दिला नाही. आता या."

"आजी, मी नुसता रंगवतो हो."

"असू दे. कधी येता?"

माणसं काठ्या घेऊन जमलेली, आणि म्हातारी एकटी दारात आडवी उभी. कशाच्या जोरावर? तर याने लिहिलं म्हणून! नाही कसं म्हणणार? गेला बिचारा.

सापाला त्याने हात लावला नाही, आजतागायत लावलेला नाही. त्याने काठ्या काढून घेतल्या, मागचं दार उघडलं, सगळ्यांना अंगणात बसवलं आणि शेजारून चहा मागवला. दीड तासाने धामण आपली आपण निघून गेली.

मग काय, फोनच फोन. दोन वर्षं. सुदामची बायको दक्षा वैतागली. "भरल्या ताटावरून उठून जाता! एखादा चावला म्हणजे? तो नंबर पुसा, नाहीतर मी चालले तलासरीला, माहेरी." तिचं तरी काय चुकलं? तो परत येईपर्यंत तिच्या घशाखाली घास उतरत नसे. तेवढ्यात नव्या साहेबांनी कार्यालयाचा नंबर दिला. सुदामने तो मोठ्या अक्षरांत लिहिला, आपला पुसला. फोन बंद झाले. त्याला फार चुकल्या-चुकल्यासारखं व्हायचं, पण बोलतो कशाला!

महिन्याभराने विवळवेढ्याचं काम आटपून तो संध्याकाळी घरी आला, तर अंगणात अख्खा पाडा चहा पीत बसलेला. भिंतीला सात काठ्या टेकवलेल्या. दक्षा पायरीवर, पदर खोचून, चेहरा पांढराफटक.

"गेली धामण," ती म्हणाली. "कणगीमागं होती. तुमच्या वहीतून कार्यालयाचा नंबर काढून चौदा वेळा लावला. कोणी मेलं उचलत नाही."

"मग मला का नाही लावलास?"

"तुम्ही आला असतात ना!" दक्षा खेकसली, आणि रडायलाच लागली.

दुसऱ्या दिवशी सकाळी रंगाचा डबा तिनेच स्कूटरला अडकवला आणि मागे बसली. सायवनच्या बोर्डावर सुदामचा नंबर परत आला. त्याच्याखाली, तिच्या सांगण्यावरून, तिचाही.