मीटरताईने झाडं उपटली

समजा, तुम्हाला एक झाड उपटायचं आहे. कमरेएवढं. त्याला बांधलेल्या काठीवर पत्र्याची पाटी आहे, पाटीवर एका घराचं नाव आहे, आणि दोन वर्षांपूर्वी त्या घरच्या माणसांच्या मागे लागून ते तुम्हीच लावून घेतलं आहे. आता त्याच घराची बेल वाजवायची, दार उघडेल त्याच्या डोळ्यांत बघायचं आणि म्हणायचं, "माझं चुकलं. तुमचं झाड काढू देता का?" आणि हे एकदा नाही, तीनशे बारा वेळा.

मीटरताईने हे केलं.

ती पाणीखात्यात मीटर वाचायची. सव्वीस वर्षं तेच काम. झाकण उचलायचं, काचेवरची माती अंगठ्याने पुसायची, आकडा वहीत उतरवायचा, पुढचं घर. कुणाकडे नळ गळतोय हे घरच्यांच्या आधी तिला कळायचं, त्यामुळे तिचा शब्द कुणी मोडायचं नाही. म्हणूनच वस्तीच्या टोकाच्या मोठ्या माळावर 'घर तिथे झाड' लावायचं तिने ठरवलं, तेव्हा सगळी वस्ती कुदळी घेऊन हजर झाली. माळ तरी काय, वीतभर पिवळं गवत आणि दगड. सगळे त्याला ओसाडच म्हणायचे. तीही म्हणायची.

तिची एक खोड होती. मीटरच्या वहीच्या मागच्या पानांवर ती माळावरच्या चंडोलांची घरटी मोजायची. मातकट रंगाचा चिमणीएवढा पक्षी, गवतात जमिनीवरच अंडी घालणारा. झाडं लावायच्या आधी घरटी अकरा. पुढच्या वर्षी चार. त्याच्या पुढच्या वर्षी शून्य. आकडा शून्यावर आला की मीटर तरी बिघडलंय किंवा घर तरी रिकामं झालंय, एवढं तिला धंद्याने शिकवलं होतं.

या शून्याचं कारण तिने आधीच डोळ्यांनी पाहिलं होतं. चार घरटी होती त्या वर्षी कावळा रोपाच्या काठीवर बसायचा, मान तिरकी करून गवत निरखायचा, खाली उतरायचा आणि चोचीत अंडं घेऊन उडायचा. आधी त्या माळावर त्याला बसायला जागाच नव्हती. तीनशे बारा काठ्या तिनेच ठोकून घेतल्या होत्या. तेव्हा तिने मूग गिळले, आपोआप सावरेल म्हणून वाट पाहिली. शून्य आल्यावर मात्र वही मिटून ती उठली.

"डोकं फिरलंय तुझं," नणंद म्हणाली. "लोक झाडं तोडणाऱ्याला शिव्या घालतात आणि तू उपटायला निघालीस! पेपरात फोटो आला होता ना तुझा?"

"फोटो माझा आला, वन्सं. अंडी त्यांची गेली."

वस्तीच्या समितीच्या अध्यक्षांनी तिला बोलावून घेतलं. "ताई, होतं काय तिथे आधी? धूळ!"

"गवत होतं."

"गवत म्हणजे जंगल नव्हे."

"नव्हेच. त्याचं जंगल करायची खाज मला सुटली होती, गवताला नाही."

"मी वर तक्रार करेन."

"करा की! फक्त आकडा बरोबर लिहा. तीनशे बारा."

अंडी घालायच्या हंगामाला दोन महिने उरले होते. तेवढ्यात माळ मोकळा झाला नाही, तर आणखी एक वर्ष शून्य. ती रोज कामाच्या आधी आणि नंतर दारं वाजवू लागली. काहींनी तोंडावर दार लावलं. काही हसले. पण बरेच जण तिच्यासोबत माळावर आले, गवतात पोटावर पडले, चंडोलाच्या नजरेने काठ्यांकडे बघून आले आणि कुदळ शोधू लागले. रोपं मुळांच्या मातीसकट निघाली आणि रस्त्याच्या कडेला, शाळेच्या भिंतीलगत, अंगणांत गेली.

दार लावणारेही एकेक करून तयार झाले. शेवटी एकच उरलं. माळाच्या मधोमध, निवृत्त गुरुजींचं. पाटीवर त्यांच्या बायकोचं नाव.

"तिच्या मागे एवढंच राहिलंय," गुरुजी म्हणाले. "हात लावून तर बघ."

"विचारल्याशिवाय लावणार नाही, गुरुजी. पण रोज विचारणार."

आणि तिने विचारलं. सकाळी सातला, एकोणीस दिवस. विसाव्या दिवशी गुरुजी दारात नव्हते. ते माळावर, झाडाशेजारी घडीची खुर्ची टाकून राखणीला बसले होते. ती दहा पावलांवर जमिनीवर बसली. दोघं तासभर तशीच. चंडोलांची एक जोडी माळाच्या कडेला उतरली, गवतातून धावत धावत मध्यापर्यंत आली. तेवढ्यात कावळा काठीवर येऊन बसला, बायकोच्या नावाच्या बरोबर वर. जोडी भुर्रकन उडून गेली.

गुरुजी खुर्चीतून उठले आणि काठीपाशी गेले.

"ही काठी तूच ठोकलीस ना?"

"हो."

"मग ती तू काढ. झाड मी काढतो. तू मुळं तोडशील."

झाड आता त्यांच्या अंगणात आहे. सगळी पानं झडली होती, दोन फुटली आहेत. गुरुजी अजून तिच्याशी बोलत नाहीत.

फिरायला येणारे आता कडेकडेने चालतात, कुत्री दोरीला धरतात. अध्यक्षांनी स्वतःच्या नावाने फलक लावलाय, 'गवत सुरक्षित क्षेत्र'. मीटरताईने त्या फलकावर खिळे ठोकले, उलटे, टोकं वर, म्हणजे कावळ्याला टेकता येऊ नये. "माझ्या नावावर खिळे?" अध्यक्ष ओरडले. "तुमच्या नावावर नाहीत, वरच्या कडेवर आहेत," ती म्हणाली आणि पुढच्या घराचं झाकण उचलायला निघून गेली.

या हंगामात घरटी तीन. वहीत तिने आकडा लिहिला, पण त्याच्यापुढे एक प्रश्नही लिहून ठेवलाय. भेटेल त्या जाणकाराला ती तो विचारते, आणि अजून कुणी नीट उत्तर दिलेलं नाही: आपण ज्यांना हाकललं तेच परत आले, की हे दुसरेच कुणी आहेत?