बूट न काढता केलेला नमस्कार

दिल्लीच्या द्वारका भागात तेव्हा नवे सेक्टर उभे राहत होते, मेट्रो अजून यायची होती. माजी सैनिकांच्या सन्मानार्थ होणाऱ्या बागेचा आराखडा करायचं काम माझ्याकडे आलं, तेव्हा आनंदाआधी दादा आठवला. माझा थोरला भाऊ फौजेत होता. सुरुंगात त्याचा पाय गेला. तो गावी परतल्यावर मी सुट्टीत गेलो, तेव्हा आम्ही दोघं दत्ताच्या देवळात गेलो. दारात गर्दी होती. मी म्हणालो, "दादा, बूट काढ ना, लोक बघतायत." त्याचा कृत्रिम पाय बुटासकट बसवलेला आहे हे ठाऊक असूनही माझ्या तोंडून ते निघून गेलं. तो बाहेर पारावर बसून राहिला. पुन्हा देवळात आला नाही. दोन वर्षांनी तो गेला आणि त्याची माफी मागायची राहिली. तेव्हापासून दर गुरुवारी दत्ताच्या तसबिरीपुढे बसायचो, पण नजर वर उचलत नसे.

आराखडा मी मन लावून केला. मधोमध उंच चौथरा, सात पायऱ्या, खाली चपला काढायची जागा. देवळासारखं पवित्र वाटावं एवढीच इच्छा होती. तरी काहीतरी चुकतंय असं सारखं वाटे, काय ते कळेना. भूमिपूजनाच्या गुरुवारी निघताना देवाला म्हणालो, "मला सुचत नाही. आता तुम्हीच बघा."

जमिनीवर चुन्याच्या फक्कीनं चौथरा आखला होता. आम्ही सगळे पादत्राणं काढून आत उभे होतो. एक वयस्क सरदारजी मात्र रेघेबाहेर काठी टेकून थांबले होते. मी बोलावलं, "आइए, जूते वहीं उतार दीजिए."

ते हसले. "साहब, यह जूता उतारूँगा तो टाँग भी साथ आएगी. फिर दोनों की रखवाली आप करना."

सगळे हसले. मी त्यांच्याजवळ गेलो आणि ओळखपाळख नसताना दादाची सगळी हकिगत सांगून टाकली. त्यांनी ऐकून घेतलं आणि विचारलं,

"भाईसाहब अब नहीं हैं?"

"नहीं."

"तो चलो, उनकी तरफ़ से मैं चलता हूँ." माझ्या खांद्यावर हात टाकून ते बुटासकट आत आले. नारळ त्यांच्याच हातून फुटला.

त्याच दुपारी मी पायऱ्या खोडल्या. चौथरा जमिनीसपाट आला, फाटकापासून तिथपर्यंत रुंद, सौम्य उताराची वाट झाली. चपला काढायची जागा गेली, तिथं कडुनिंबाखाली बाक आले. उद्घाटनाला मी सरदारजींना खूप शोधलं. त्यांना कुणी ओळखत नव्हतं, नाव विचारायचं मलाही सुचलं नव्हतं. ते कोण होते यावर मी डोकं चालवत नाही. मी फक्त आराखड्यापुरतं मागितलं होतं, देणाऱ्यानं दादाला आत आणलं.

आजही गुरुवारी तिथं जातो. कुणी कुबड्यांवर येतं, कुणी चाकाच्या खुर्चीतून, दारात कुणाला थांबावं लागत नाही. मीही बूट घालूनच आत जातो, हात जोडतो, आणि वर बघतो.