प्रकाशाला रिकामा निघालेला गडू

आधीच सांगते, मी हायस्कुलात सायन्स शिकवायचे. अंगात येणं, करणी, असल्या गोष्टींवर वर्गात पोरांची झाडाझडती घ्यायचे. आजही घेईन!

साल एकोणसाठ-साठ असेल. नंदुरबार जिल्हा तेव्हा नव्हताच, सगळा कारभार धुळ्याचा. तापीकाठच्या आमच्या गावात माय आणि धाकटे काका राहायचे. मला भाऊ नाही. माय काशी करून आली आणि तिचे पायच गेले. आमच्याकडे काशीहून आलं की तापीवरच्या प्रकाशा गावी जाऊन केदारेश्वराच्या पिंडीवर गंगाजळ घालायचं, तेव्हा यात्रा पुरी होते. माय खाटेवर पडून एकच घोकायची, "मन्ही काशी अर्धीच ऱ्हायनी वं बाई..."

मी म्हटलं, मी घालून येते. काका उसळले, "तू दिधेल अंडेर शे. तुन्हा हात चालाव नही!"

दिलेली लेक, म्हणे! मी मायने काशीहून आणलेला, तोंड कथलाच्या डाकाने बंद केलेला गंगाजळाचा गडू उचलला आणि एस.टी.त बसले. लक्ष ठेवायला काकाही आले. वाटभर आत पाणी डुचमळत होतं. तो आवाज काकांनीही ऐकला, हे त्यांनी पुढे कधी नाकारलं नाही.

भर दुपारी देवळात गुरवाने खिळ्याने डाक फोडला. गडू कोरडा ठणठणीत. बोट फिरवलं तर ओलही नाही!

"देख, मी सांगं व्हतं ना?" काका सगळ्यांसमोर म्हणाले.

माझ्या डोळ्यांत पाणी आलं, पण मागे फिरले असते तर मायला काय तोंड दाखवणार होते? रिकामा तर रिकामा — मी गडू पिंडीवर पालथा केला आणि देवाला स्पष्ट म्हणाले, "हे माझ्या मायचं आहे. घे."

घरी आलो. उंबऱ्यातून आत पाऊल टाकतोय तोच माय हसून म्हणाली, "पानी कितलं थंड व्हतं! तू गडू पालथा करा तवय मी तुन्हा हात धरेल व्हता ना."

तिला कोणी सांगितलं? आमच्याआधी गावात कोणी पोचलंच नव्हतं. तिच्या लुगड्याचा पदर चिंब भिजलेला, आणि त्याला नदीचा वास. दिवसभर तिच्याजवळ बसलेली शेजारीण शपथेवर सांगत होती, म्हातारी खाटेवरून हललेली नाही.

पाणी उडून गेलं असेल, मायला तापात भास झाला असेल, पदरावर तांब्या सांडला असेल — सगळं मांडून बघितलं. एकही उत्तर पुरतं बसत नाही, आणि बसत नसताना बसवायला मी तयार नाही.

पुढच्या पौर्णिमेआधी माय शांतपणे गेली. मुलगा नाही, तर चितेला पाणी कोणी द्यायचं म्हणून भाऊबंद कुजबुजायला लागले. मी कोणाला विचारलं नाही, पदर खोचून पुढे झाले. काकांनी भरलेलं मडकं उचललं आणि माझ्या खांद्यावर ठेवलं.