आत्याच्या हातावरची जेलची शाई

तेव्हा आम्ही पेणला राहायचो आणि माझी धाकटी आत्या आमच्याच घरी होती. ती गणपतीच्या कारखान्यात जायची. बाकीच्या बायका पीतांबर, शेला, मुकुट रंगवायच्या. आत्याकडे आखणी होती, म्हणजे मूर्तीचे डोळे. घरी आल्यावर कितीही हात धुतले तरी तिच्या नखांत कुठला ना कुठला रंग राहायचाच.

जेल पेनं नुकतीच बाजारात यायला लागली होती. माझ्या वर्गातल्या एका मुलीकडे जांभळं होतं आणि ती ते कुणाच्या हातात देत नसे. मी घरी सांगितलं तर आई म्हणाली, "शाळेत निळी शाई चालते ना? मग झालं." आत्याने मात्र विचारलं, "चमकतं का गो? का नुसतंच जांभळं?"

शनिवारी ती मला एसटी स्टँडजवळच्या स्टेशनरीच्या दुकानात घेऊन गेली. पेन चालवून बघायला तिथे पाठकोऱ्या कागदांचा गठ्ठा ठेवलेला असे. गिऱ्हाइकं त्यावर आपापली नावं लिहून बघत. आत्याने नाव लिहिलंच नाही. पेन टेकवायची, हात न उचलता एक लांब वळण काढायची आणि कागद तिरका करून उजेडात धरायची. सोनेरी, चंदेरी, मोरपंखी, राणी.

"ताई, घ्यायचंय का इथेच संपवायचंय?" दुकानदाराने विचारलं.

"थांबा हो. सुकल्यावर रंग उतरतो का ते बघते."

तो बिचारा थांबला. आम्ही चारही घेऊन आलो.

दुसऱ्या दिवशी रोह्याचं एक स्थळ आत्याला बघायला येणार होतं. याआधीही स्थळं आली होती, पोहे खाऊन गेली होती, त्यामुळे तिला फारसा उत्साह नव्हता. त्याच शनिवारी दुपारी आम्ही दोघी पडवीत बसलो. पांढऱ्या कागदावर झालं, माझ्या चित्रकलेच्या काळ्या कागदावर झालं. काळ्यावर चंदेरी इतकं उठून दिसलं की आत्याने अख्खा कागद भरून टाकला. मग तिने स्वतःचा डावा हात पुढे धरला. "अंगावर कसं बसतं बघू."

"आत्या, उद्या पाहुणे येणारेत."

"पाण्याची शाई हाय ती. साबणाने जाईल."

मनगटापासून मधल्या बोटापर्यंत तिने एक वेल काढला. मोरपंखी देठ, राणी फुलं, कडेने चंदेरी. इतका नाजूक वेल मी कुणाच्या मेंदीतही पाहिला नव्हता.

तो साबणाने गेला नाही. लिंबाने नाही, रॉकेलनेही नाही. रंग थोडा फिका झाला, चमक तेवढी जास्तच दिसायला लागली. आई कपाळाला हात लावून म्हणाली, "आता काय पदराखाली हात लपवून पोहे देणार?"

"लपवायचं काय त्यात?" आत्या म्हणाली.

रविवारी सकाळच्या पॅसेंजरने तिघं आली. मुलगा, त्याची आई आणि मामा. मुलगा धाटावला एका केमिकल कंपनीत शिफ्टमध्ये काम करायचा. आत्या बश्या घेऊन आली आणि मुलाच्या आईची नजर थेट हातावर गेली.

"हे काय गो काढलंयस?"

"नवीन पेनं आणलीत. कशी उठतात ते बघत होते."

माझी आई खिडकीबाहेर बघायला लागली. शेवटी मामाच हसले. "पेणची पोरगी. पेनं असायचीच."

तेवढ्यात मुलाने खिशातून एक जाडजूड पेन काढलं. चार रंगांचं, वर चार खटके असलेलं. "कंपनीत रीडिंग लिहायला लागतं," तो आत्याला म्हणाला. "पहिल्या पाळीला निळा, दुसरीला हिरवा, तिसरीला लाल."

"आणि काळा?"

"काळा... काळा तसाच हाय."

आत्याने ते हातात घेतलं आणि कालच्या पेपराच्या कडेवर प्रत्येक रंगाचं एकेक वळण काढलं. मग तिने निळा आणि लाल खटका एकदम दाबला.

"दोन एकदम नाय येत," तो घाईने म्हणाला.

"का नाय येत?"

पेन अडकलं. तिने ते फिरवून उघडलं, तशी आतली स्प्रिंग उडाली आणि मामांच्या चहात पडली. मामांनी कपात डोकावून बघितलं. आधी मुलाची आई हसली, मग तो, आणि मग आत्या तोंडाला पदर लावून अशी हसली की तिला आत पळावं लागलं.

जाताना माझ्या वडिलांनी पेनाचे तुकडे गोळा करून त्याच्यापुढे धरले. तो चप्पल घालता घालता म्हणाला, "राहू दे त्यांच्याकडे. नीट झालं तर बघा. मी येईन न्यायला." पाहुणे कोपऱ्यावर वळेपर्यंत आईने दम धरला. मग म्हणाली, "ठरलं."

लग्न होऊन आत्या रोह्याला गेली. सासू प्रेमळ होती, घर नीट होतं, पण गणपतीचे दिवस जवळ आले तशी ती उदास व्हायला लागली. तिथे तिच्या हाताला काम नव्हतं. शेवटी सासूनेच मुलाला सांगितलं, "तिला पेणला पोचवत जा रे. डोळे कोण काढणार तिकडं?"

त्या श्रावणात मी शाळा सुटली की कारखान्यात जायचे. एका शनिवारी सकाळची शाळा सुटल्यावर गेले तर आत्या पाटावर बसून एका मोठ्या मूर्तीची आखणी करत होती, श्वास रोखून. मागे रांगेने मांडलेल्या गणपतींमध्ये चटईवर माझा नवा काका झोपला होता. रात्रपाळी करून तसाच तिला सकाळच्या गाडीने घेऊन आला होता. रंगाचे शिंतोडे उडू नयेत म्हणून कुणीतरी त्याच्या अंगावर जुनी चादर टाकली होती.

मी काही बोलणार, तेवढ्यात आत्याने कुंचला न हलवता म्हटलं, "हळू गो. आत्ताच लागलाय त्याचा डोळा."