घराचा मक्ता

धाकट्या भावाच्या वेळी आईला दिवस गेले, तेव्हा आम्ही नांदुऱ्यात भाड्याच्या खोलीत राहत होतो. घरमालकीणबाईंचं देवघर आमच्या भिंतीला लागून. बाळंतपण इथे चालणार नाही, असं त्यांनी बजावलं. आईला माहेर उरलं नव्हतं. बाबा कापसाच्या जिनात कारकून होते. त्यांनी घेऊन ठेवलेल्या जागेवर दोन खोल्या उठवायचा मक्ता एका मिस्त्रीनं घेतला, पण तो कर्जात गळ्यापर्यंत बुडालेला. भिंती झाल्या आणि छताच्या लाकडासाठी त्यानं आगाऊ पैसे मागितले.

काका भडकले. "सावकार त्याच्या दारात बसून राह्यला, अन् तू त्याले पैसे देऊन राह्यला?"

बाबांकडून निर्णय काढणं म्हणजे बैलाला जिना चढवणं. शेवटी आईच मिस्त्रीच्या घरी जाऊन आली. म्हणाली, "घरात भांडं उरलं नाही त्याच्या, पण हत्यारं जागच्या जागी हायेत. पळायचं असतं तं पहिले तेच इकले असते. द्या त्याले."

मिस्त्रीनं लबाडी केली नाही. सागवान आणलं आणि रीतीप्रमाणे स्वतःच्या अंगणात उतरवलं, कारण लाकूड तासायचं काम तिथंच व्हायचं. त्या रीतीनंच आमचा घात केला. कोर्टाचा बेलीफ जप्तीला आला आणि सगळं लाकूड मिस्त्रीचं समजून घेऊन गेला. काकांना बोलायला तोंड मिळालं. मला मात्र आईकडे बघवेना. भिंतींवर नुसतं आभाळ, आणि तिला नववा लागलेला.

काही दिवसांनी मिस्त्री गाडीभर लाकूड घेऊन आला. जुनं, धुरानं काळं पडलेलं.

"कुठून आणलं?" बाबांनी विचारलं.

"माह्या घरचंच हाय, बाबूजी. तुमचं माह्या दारातून गेलं ना."

स्वतःचं छप्पर उतरवून आणलं होतं त्यानं. बाबा नको म्हणतील, असं मला वाटलं. ते म्हणाले नाहीत. आईही म्हणाली नाही.

नव्या घरातल्या बारशाला मिस्त्रीची बायको आली. तुळईला एक लोखंडी कडी होती, लाकडाबरोबरच आलेली. तिलाच पाळणा टांगला होता. आईनं मानानं तिच्या हाती दोरी दिली. तिनं वर पाहिलं.

"माहे तिन्ही लेकरं याच कडीले झुलले वो, बाई," ती म्हणाली आणि झोका देऊ लागली.

बायांचं गाणं चालूच राहिलं. ती जेवायला थांबली नाही. आता राहता कुठे, हे आमच्यापैकी कुणीही तिला विचारलं नाही.